कुणाच्या गळ्यात, कुणाच्या तोंडी

१२ नोव्हेंबर २०१५, दिवाळीचा पाडवा. त्या दिवशी महाराष्ट्रातल्या चित्रपटगृहांत दोन सिनेमे एकाच वेळी लागले. एक सलमान खानचा ‘प्रेम रतन धन पायो’, दुसरा सुबोध भावे यांचा दिग्दर्शक म्हणून पहिलाच चित्रपट, ‘कट्यार काळजात घुसली’. पहिल्याच्या वाट्याला सणासुदीची गर्दी, मोठे पडदे आणि सोयीच्या वेळा आल्या होत्या. दुसऱ्यात ख्याल होता, दोन घराण्यांचा झगडा होता आणि १९६७ सालच्या एका संगीत नाटकाची पदं होती. मराठी चित्रपटांना मल्टिप्लेक्समध्ये दुपारी बारा ते रात्री नऊ या वेळेत खेळ मिळावेत, यावर त्याच वर्षी एप्रिलमध्ये सरकार आणि चित्रपटगृहचालक यांची खडाजंगी होऊन गेली होती. त्यामुळे सोमवार उजाडेपर्यंत ‘कट्यार’चे खेळ निम्म्यावर येतील, हा धंद्यातला नेहमीचा हिशोब होता. झालं उलटंच. खेळ वाढत गेले, आजी-आजोबांना घेऊन नातवंडं आली, आणि वर्षभर गणेशोत्सवापासून लग्नाच्या हॉलपर्यंत त्यातली गाणी वाजत राहिली.

अभिजात गोष्टी आणि पात्रं मोठ्या पडद्यावर परत येतात तेव्हा नेमकं काय घडतं, हा प्रश्न संपादकांनी या अंकासाठी पुढे ठेवला. त्याचं सरसकट दिलं जाणारं उत्तर म्हणजे स्मरणरंजन. लोकांना जुनं आवडतं, नाव ओळखीचं असतं, जाहिरातीचा खर्च वाचतो. हे खोटं नाही, पण अपुरं आहे. नाव ओळखीचं असूनही न चाललेले चित्रपट आहेत, आणि ज्या प्रेक्षकांनी मूळ कृती पाहिली-वाचलीच नव्हती त्यांनी डोक्यावर घेतलेले चित्रपटही आहेत. गेल्या पंधराएक वर्षांतली मराठी उदाहरणं एकापुढे एक ठेवून पाहिली, तर एक गोष्ट वारंवार दिसते. जी कृती पडद्यावर जोमाने परत आली, ती त्याआधी दुसरीकडे कुठेतरी जिवंत होती: गायकाच्या रियाजात, स्पर्धेत म्हटल्या जाणाऱ्या स्वगतात, वारीत, रोजच्या वर्तमानपत्रात, शाळेतल्या कथाकथनात. सिनेमाने तिला जिवंत केलं नाही. ती जिवंत ठेवणारी माणसं सिनेमाला मिळाली. जिथे ही माणसं विरळ झाली होती तिथे पटकथा, पैसा आणि नट चांगले असूनही काहीतरी हातून निसटलं.

गळा आधी, कॅमेरा नंतर

पुरुषोत्तम दारव्हेकरांनी ‘कट्यार’ लिहिलं, जितेंद्र अभिषेकींनी चाली बांधल्या आणि खाँसाहेबांची भूमिका वसंतराव देशपांड्यांनी गाजवली. या नाटकाची गंमत अशी की त्यातला संघर्षच गाण्याचा आहे. पंडित भानुशंकरांची शांत, भावपूर्ण गायकी आणि खाँसाहेब आफताब हुसेन यांची आक्रमक, तानांनी लखलखणारी गायकी यांचा सामना प्रेक्षकाला संवादातून कळून भागत नाही, तो कानांना ऐकू यावा लागतो. अभिषेकींनी एकच पद दोन गायक्यांत बांधलं ते त्यासाठी. ज्याला सरगम ठाऊक नाही त्यालाही दोन्हींतला फरक जाणवतो, आणि तो फरक हेच नाटकाचं कथानक आहे. मग अशा नाटकाचा चित्रपट करायचा तर पहिला प्रश्न कॅमेऱ्याचा उरतच नाही. हे गाणार कोण, हा पहिला प्रश्न.

त्याचं उत्तर तयार होतं, कारण ते काही वर्षं आधीच रंगमंचावर शोधलं गेलं होतं. २०१० च्या सुमारास ‘कट्यार’ नव्या संचात पुन्हा उभं राहिलं, तेव्हा सुबोध भावे त्यात होते. राहुल देशपांडे खाँसाहेब झाले, महेश काळे पंडितजींचा शिष्य सदाशिव झाले. राहुल हे वसंतरावांचे नातू. वसंतराव १९८३ मध्ये गेले तेव्हा ते अगदी लहान होते, म्हणजे आजोबांची गायकी त्यांना समोर बसून शिकण्याऐवजी ध्वनिमुद्रणांतून, इतर गुरूंकडून आणि स्वतःच्या मेहनतीतून मिळवावी लागली. महेश काळे अभिषेकींचे शिष्य, आज कॅलिफोर्नियात राहून तिथल्या मुलांना शास्त्रीय संगीत शिकवणारे. या दोघांनी प्रयोगामागून प्रयोग करून ती पदं आपल्या गळ्यात मुरवली होती. चित्रपटात खाँसाहेबांचं शरीर सचिन पिळगांवकरांचं आहे आणि आवाज राहुल देशपांड्यांचा. सदाशिव दिसतात सुबोध भावे, गातात महेश काळे. पंडितजींच्या भूमिकेत मात्र शंकर महादेवन स्वतःच उभे राहिले आणि स्वतःच गायले. शंकर-एहसान-लॉय यांची नवी गाणी अभिषेकींच्या चालींच्या शेजारी बसवायची हा मोठा धोका होता. तो निभावला, कारण जुनी पदं ज्यांच्या अंगात होती तेच गळे नवी गाणीही गात होते.

दिग्दर्शकाने कथेत मात्र बरीच मोकळीक घेतली. नाटक सुरू होतं तेव्हा खाँसाहेबांनी बाजी मारलेली असते. चित्रपट त्याच्या मागे जातो, पंडितजी आणि खाँसाहेब यांच्या मैत्रीपासून सुरुवात करतो, मत्सर कसा वाढत गेला ते दाखवतो. शुद्धतेचा आग्रह धरणाऱ्यांना हे खटकलं. पण प्रेक्षकांच्या मोठ्या वर्गाने हा बदल मनाला लावून घेतला नाही. गाणं ढिलं झालं असतं तर हाच प्रेक्षक पहिल्या आठवड्यात उठून गेला असता. कृतीतलं काय हलवता येतं आणि काय नाही, याचा निवाडा इथे स्वच्छ झाला.

हा योगायोग नव्हता, याला आणखी एक पुरावा आहे. पार्श्वगायनाचा राष्ट्रीय पुरस्कार २०११ च्या ‘बालगंधर्व’साठी आनंद भाटे यांना मिळाला, ‘कट्यार’साठी महेश काळे यांना, आणि ‘मी वसंतराव’साठी राहुल देशपांडे यांना. दशकभरात तीन मराठी गायक आणि तिन्ही चित्रपट संगीत रंगभूमीच्या अवतीभवतीचे. संगीत नाटक मेलं, असं आपण कितीतरी वर्षं म्हणत आलो आहोत. त्याची कंपनी मोडली, पडदे फाटले, रात्रभर चालणारे प्रयोग संपले हे खरं. पण त्याचं गाणं पुण्या-मुंबईच्या खोल्यांत, सांगली-मिरजेच्या आणि गोव्याच्या बैठकींत गुरूसमोर बसलेल्या पोरांच्या गळ्यात चालू होतं. भाटे भीमसेन जोशींचे शिष्य, काळे अभिषेकींचे. सिनेमाने ते दार ठोठावलं तेव्हा आत माणसं होती.

पात्रं एकीकडे, पदं दुसरीकडे

जानेवारी २०२५ मध्ये त्याच दिग्दर्शकाने, त्याच संगीतकारांच्या साथीने ‘संगीत मानापमान’ आणला. कृष्णाजी प्रभाकर खाडिलकरांचं मूळ नाटक १९११ सालचं, किर्लोस्कर नाटक मंडळीचं, गोविंदराव टेंब्यांच्या चालींचं, बालगंधर्वांच्या भामिनीचं. १९२१ मध्ये टिळक स्वराज्य फंडासाठी बालगंधर्व आणि केशवराव भोसले एकत्र आले आणि ‘संयुक्त मानापमान’ झाला, ती तर मराठी नाट्येतिहासातली दंतकथाच. चित्रपट देखणा होता, गाणी चांगली होती, तरी ‘कट्यार’सारखी लाट उठली नाही.

असं का व्हावं? माझं उत्तर असं. ‘मानापमान’ची पदं आजही मैफिलींत गायली जातात, पण ती पात्रांपासून सुटी झाली आहेत. गायक पद उचलतो, रागाच्या अंगाने खुलवतो, श्रोता दाद देतो, आणि या सगळ्यात धैर्यधर आणि भामिनी कुठेच नसतात. गरीब पण शूर सेनापती आणि श्रीमंत मुलगी यांची प्रेमकथा हे मूळ नाटकातही पदांना वाव देण्याचं निमित्त होतं. पन्नासाहून अधिक पदं ऐकायला आलेला प्रेक्षक ‘वन्स मोअर’ने नाटक थांबवायचा आणि त्याला त्यात काहीच गैर वाटायचं नाही. तो प्रेक्षक आता नाही. अडीच तासांच्या चित्रपटात पदं मूठभरच राहू शकतात, आणि ती कमी केली की उरते ती कथा, जी स्वतःच्या बळावर उभी राहण्यासाठी लिहिलेलीच नव्हती. ‘कट्यार’मध्ये गाणं काढलं तर गोष्ट कोसळते. ‘मानापमान’मध्ये गाणं आणि गोष्ट शंभर वर्षांत एकमेकांपासून दूर गेली होती, आणि त्यांना परत एकत्र आणणारं जिवंत रूप रंगमंचावर कुणी आधी घडवलेलं नव्हतं.

हक्कांचं गाठोडं

इथे एक व्यावहारिक शंका येते. अभिजात कृती परत येतात की नाही हे शेवटी हक्कांवर आणि पैशांवर ठरतं, जिवंत परंपरा वगैरे नंतरच्या गोष्टी, असं निर्मात्यांच्या वर्तुळात सर्रास म्हटलं जातं. म्हणून हक्कांचं गणित पाहायला हवं. भारतीय कायद्यात लेखकाच्या मृत्यूनंतरच्या वर्षापासून साठ वर्षं लेखनाचा हक्क वारसांकडे राहतो. चित्रपट आणि ध्वनिमुद्रिका यांच्यासाठी ही साठ वर्षं प्रकाशनापासून मोजतात. साने गुरुजी १९५० मध्ये गेले, तेव्हा ‘श्यामची आई’ २०११ पासून सर्वांना खुली झाली. खाडिलकर १९४८ मध्ये गेले, त्यांची नाटकं २००९ पासून खुली. वि. वा. शिरवाडकर, म्हणजेच कुसुमाग्रज, १९९९ मध्ये गेले, म्हणजे ‘नटसम्राट’ला २०५९ संपेपर्यंत परवानगी लागणार. संगीत नाटकाच्या बाबतीत गुंता वाढतो. शब्द एकाचे, चाल दुसऱ्याची, जुनी ध्वनिमुद्रिका तिसऱ्या कंपनीची. पटकथेचं पान लिहिण्याआधी निर्मात्याला हे गाठोडं सोडवावं लागतं. वारस अनेक असतात, ते वेगवेगळ्या शहरांत राहतात, आणि त्यातला एकजण नाराज असला तरी काम अडतं.

तरीही निकाल पाहा. ज्याच्या शब्दांसाठी कुणाचीही परवानगी लागत नाही तो ‘मानापमान’ लाट उठवू शकला नाही आणि परवानगीच्या कुलपातला ‘नटसम्राट’ तुफान चालला. कायदा दार उघडतो किंवा बंद ठेवतो, आत दिवा लागलेला आहे की नाही हे त्याच्या हातात नसतं.

स्वगताला श्रोता हवा

‘नटसम्राट’चा पहिला प्रयोग डिसेंबर १९७० मध्ये झाला. गोवा हिंदू असोसिएशनची निर्मिती, दिग्दर्शन पुरुषोत्तम दारव्हेकरांचं (म्हणजे ‘कट्यार’च्याच लेखकाचं), गणपतराव बेलवलकर डॉ. श्रीराम लागू, कावेरी शांता जोग. लागूंनंतर दत्ताराम, सतीश दुभाषी, यशवंत दत्त अशा नटांनी ही भूमिका केली. पण या नाटकाचं खरं आयुष्य व्यावसायिक प्रयोगांच्या पलीकडे गेलं. महाविद्यालयाच्या स्नेहसंमेलनात, आंतरशालेय स्पर्धेत, गणपतीच्या मांडवात गणपतरावांची स्वगतं म्हटली जात राहिली. नाटक कधीही न पाहिलेल्या माणसालाही त्यातली दोन-चार वाक्यं तोंडपाठ असतात. मराठी नटाला आपली ताकद आजमावायची तर तो याच स्वगतांकडे वळतो. १ जानेवारी २०१६ ला महेश मांजरेकरांचा चित्रपट लागला, तेव्हा प्रेक्षागृहात बसलेली माणसं अर्धं पाठ घेऊनच आली होती.

हाच मोठा अडसरही होता. रंगमंचावरचं स्वगत शेवटच्या रांगेपर्यंत फेकलेलं असतं. त्याची लय, त्याचे आरोह, त्यातला काव्याचा डौल हे सगळं अंतरासाठी घडवलेलं. कॅमेरा मात्र नटाच्या चेहऱ्याजवळ असतो. तिथे तीच फेक ओरडण्यासारखी वाटते, आणि कुजबुजत म्हटली तर शिरवाडकरांची भाषा पिचते. मांजरेकरांनी यावर काढलेला तोडगा मला या सगळ्या चित्रपटांतला सर्वांत हुशार तोडगा वाटतो. त्यांनी मूळ नाटकात नसलेलं एक पात्र आणलं, गणपतरावांचा नटमित्र रामभाऊ, आणि ते विक्रम गोखल्यांना दिलं. आता गणपतराव बोलतात ते दुसऱ्या नटाशी. दोन म्हातारे नट एकमेकांना टोमणे मारतात, एकमेकांपुढे नाटकातले उतारे म्हणतात, रुग्णालयाच्या खाटेवरही नाटक करतात. मोठ्या आवाजाला आणि अलंकारिक भाषेला कारण मिळालं, कारण ही माणसं तशीच बोलणारी आहेत. स्वगताचा श्रोता पडद्याच्या आतच बसवला गेला. गणपतराव साकारणारे नाना पाटेकर आणि रामभाऊ झालेले विक्रम गोखले दोघेही जयवंत दळवींच्या नाटकांतून तावून सुलाखून निघालेले, ‘पुरुष’ आणि ‘बॅरिस्टर’वाले. त्यांच्या जागी रंगमंच न पाहिलेले दोन लोकप्रिय चेहरे बसवून हा प्रसंग उभा राहिला नसता, म्हणूनच नानांच्या नावावर चित्रपट चालला हे म्हणणं अर्धवट आहे. नानांचं नाव मोठं आहेच. पण त्या नावामागे उभं असलेलं नाटकाचं शिक्षण इथे कामी आलं.

तेलुगूत हीच गोष्ट नेली गेली तेव्हा काय झालं, ते या मुद्द्याची परीक्षा घेणारं आहे. कृष्ण वंशी यांचा ‘रंगमार्तांड’ २०२३ मध्ये आला, प्रकाश राज मुख्य भूमिकेत. तेलुगू प्रेक्षकाला कुसुमाग्रजांची वाक्यं पाठ असण्याचं कारण नाही. दिग्दर्शकाने त्या वाक्यांचं नुसतं भाषांतर केलं असतं तर चित्रपट कोरडा झाला असता. त्यांनी तेलुगू रंगभूमीकडे, तिच्या पद्य म्हणण्याच्या परंपरेकडे तोंड वळवलं. मित्राचं पात्र मात्र सोबत नेलं, आणि ते आयुष्यभर हसवत आलेल्या ब्रह्मानंदम् यांना दिलं. मराठीत पडद्यासाठी जन्मलेला रामभाऊ तेलुगूत तग धरून राहिला, आणि शब्दांची जागा तिथल्या मातीतल्या शब्दांनी घेतली. प्रत्येक भाषेला आपली तोंडपाठ ठेव वापरावी लागते, उसनी चालत नाही.

नव्या गोष्टी सुचत नाहीत म्हणून?

या साऱ्यावर सर्वांत जोरदार आक्षेप असा: जुन्या कृतींकडे वळणं हे कल्पनेच्या दारिद्र्याचं लक्षण आहे, नव्या लेखकांची जागा त्यात हिरावली जाते. आक्षेप गंभीर आहे, तो झटकून टाकण्याजोगा नाही. पण तारखा पाहिल्या की त्याची धार कमी होते. ‘कट्यार’ आला त्याच २०१५ मध्ये ‘कोर्ट’ आणि ‘किल्ला’ चित्रपटगृहांत लागले. ‘नटसम्राट’ आला त्याच २०१६ मध्ये चार महिन्यांनी ‘सैराट’ आला. हे तिन्ही अस्सल नवे चित्रपट, आणि एकाच्याही वाटेत खाँसाहेब किंवा गणपतराव आडवे आले नाहीत. उलट मराठी चित्रपटाला तिकीट काढून जाण्याची सवय लागते तेव्हा ती नव्या-जुन्या दोहोंच्या कामी येते, असंच या दोन वर्षांवरून दिसतं.

शिवाय आपला सिनेमा जन्मलाच पुनरागमनातून. दादासाहेब फाळक्यांनी १९१३ मध्ये हरिश्चंद्राची गोष्ट निवडली, कारण ती सांगावी लागत नव्हती. मूकपटात संवाद नव्हते, पण कीर्तनातून, नाटकातून, आजीच्या तोंडून प्रत्येकाने ती ऐकलेली होती. ऐकलेलं सगळं प्रेक्षक मनातल्या मनात पडद्यावर भरत होता. १९३२ मध्ये मराठी चित्रपट बोलू लागला, आणि कोल्हापुरात प्रभातने पहिला मराठी बोलपट केला तोही ‘अयोध्येचा राजा’, पुन्हा हरिश्चंद्रच. तंत्र अगदी नवं असताना गोष्ट ओळखीची असली की प्रेक्षकाला नव्या तंत्राकडे लक्ष देता येतं, ही समज या मंडळींना पुरेपूर होती.

मग १९३६ चा ‘संत तुकाराम’. दामले आणि फत्तेलाल यांचं दिग्दर्शन, विष्णुपंत पागनीस तुकाराम, गौरी जिजाई. मुंबईत सेंट्रल चित्रपटगृहात तो वर्षाहून अधिक काळ चालला, १९३७ मध्ये व्हेनिसच्या महोत्सवात गौरवला गेला. पागनीस मूळचे स्त्री-भूमिका करणारे नट, गाणारे. त्यांचे तुकाराम वेषातले फोटो लोकांनी देवघरात लावले. हा केवळ भोळेपणा म्हणून सोडून देऊ नये. तुकोबा त्या प्रेक्षकाच्या रोजच्या जगण्यात होते, दिंडीत होते, दळणाच्या ओवीत होते. चित्रपटातले अभंगही तसेच येतात, काम करता करता, बोलता बोलता, जिजाईच्या कटकटीच्या मधोमध. शांताराम आठवल्यांनी या चित्रपटासाठी लिहिलेली एक रचना लोकांना तुकोबांचाच अभंग वाटली आणि अभ्यासकांनीही ती गाथ्यात शोधली, असं सांगतात. परंपरेत मुरलेला माणूस नवं लिहितो तेव्हा ते परंपरेत असं विरघळतं. आणि ती परंपरा अजून आटलेली नाही. प्राजक्त देशमुखांच्या ‘संगीत देवबाभळी’ने तुकोबांची बायको आवली (म्हणजे जिजाईच) आणि साक्षात रखुमाई यांना एका घरात आणून बसवलं, पूर्ण नवं नाटक, नवं संगीत, आणि तरी गावोगावच्या प्रेक्षकाला ते जुनंच वाटलं. १९३६ च्या जिजाईची ही पणती म्हणावी लागेल.

फुरसुंगीचा पोरगा आणि पालगडचा श्याम

मुलांच्या साहित्याकडे वळलं की चित्र विस्कटतं, आणि तिथेच माझ्या म्हणण्याची कसोटी लागते. भा. रा. भागवतांचा बनेश फेणे फुरसुंगीचा. सडपातळ अंगकाठी, सायकल, तोंडात ‘टॉक्’. ‘बालमित्र’ मासिक चालवणाऱ्या, ज्यूल व्हर्न मराठीत आणणाऱ्या भागवतांनी त्याला वीसेक पुस्तकांतून देशभर पळवलं. १९८७ मध्ये दूरदर्शनवर सुमीत राघवन फास्टर फेणे झाले, तेव्हा पुस्तकं वाचणारी पोरं आणि मालिका बघणारी पोरं एकच होती. २०१७ मध्ये आदित्य सरपोतदारांचा चित्रपट आला तोवर ती सगळी पोरं चाळिशीत पोचली होती. चित्रपटातला फेणेही मोठा झाला. अमेय वाघने साकारलेला हा तरुण वैद्यकीय प्रवेशपरीक्षेसाठी पुण्यात येतो आणि परीक्षेतल्या गैरप्रकाराचा छडा लावतो. दिलीप प्रभावळकरांनी खुद्द भागवतच साकारले. समोर गिरीश कुलकर्णींचा थरकाप उडवणारा खलनायक. चित्रपट वेगवान आहे, चांगला आहे. पण तो मुलांचा चित्रपट नाही. फेणेला लहान ठेवला असता तर त्याला ओळखणारी लहान मुलं पुरेशी नव्हती, हे निर्मात्यांनी अचूक हेरलं. फुरसुंगीही बदललेलं आहे. शेतांचं गाव म्हणून ओळखलं जाणारं हे नाव गेली कित्येक वर्षं पुण्याच्या कचरा डेपोविरुद्धच्या आंदोलनांच्या बातम्यांत येतं. मोठ्या झालेल्या वाचकांना त्यांचा फेणे परत मिळाला, दहा वर्षांच्या मुलांना मात्र तो मिळायचा राहिला.

याच्याशेजारी ‘चिंटू’ ठेवावा. चारुहास पंडित आणि प्रभाकर वाडेकर यांची ही चित्रमालिका १९९१ मध्ये ‘सकाळ’मध्ये सुरू झाली आणि वर्तमानपत्रातून रोज सकाळी घरात येत होती. २०१२ मध्ये श्रीरंग गोडबोल्यांनी चित्रपट केला तेव्हा चिंटूला मोठं करायची गरजच पडली नाही. मुलं त्याला त्या दिवशी सकाळीही भेटली होती. दोन्ही पात्रं तितकीच लाडकी, दोन्ही चित्रपट पाच वर्षांच्या अंतराने आलेले. एकाचं वय पडद्यावर वाढलं आणि दुसऱ्याचं वाढलं नाही, यातला फरक रोजच्या सहवासाचा आहे.

‘श्यामची आई’ची गोष्ट यापेक्षा गुंतागुंतीची. साने गुरुजींनी हे पुस्तक फेब्रुवारी १९३३ मध्ये नाशिकच्या तुरुंगात पाच दिवसांत लिहून काढलं. ते मुळातच सांगण्याच्या घाटाचं आहे. त्यातल्या प्रकरणांना रात्री म्हटलं आहे, श्याम सांगतो आणि मित्र ऐकतात. आचार्य अत्र्यांचा चित्रपट १९५३ मध्ये आला, वनमाला आई आणि माधव वझे श्याम. गुरुजी जाऊन तीनच वर्षं झाली होती, त्यांना प्रत्यक्ष ऐकलेली माणसं प्रेक्षागृहात होती. चित्रपटांना राष्ट्रपतींचं सुवर्णपदक द्यायला सुरुवात झाली तेव्हाचं पहिलं पदक त्याला मिळालं. सुजय डहाके यांनी २०२३ च्या दिवाळीत नवा चित्रपट आणला, तोही कृष्णधवल, ओम भूतकर साने गुरुजींच्या भूमिकेत आणि गौरी देशपांडे आईच्या. याला सर्वोत्कृष्ट मराठी चित्रपटाचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. आजच्या मुलाला पालगडचं दारिद्र्य, सोवळं-ओवळं, विहिरीवरचं पाणी हे सगळं परकं आहे, मग हा चित्रपट कुणासाठी, असा प्रश्न विचारला गेला. मला तो प्रश्न पटत नाही. साने गुरुजी कथामालेचे कार्यकर्ते अजूनही शाळाशाळांतून जाऊन मुलांना गोष्टी सांगतात. पाठ्यपुस्तकांतून श्यामच्या आठवणी पिढ्यान्‌पिढ्या वाचल्या गेल्या. सांगण्याचा हा धागा बारीक झाला असेल, तुटलेला नाही. शिक्षक आधी एक रात्र वाचून दाखवतात आणि मग मुलांना चित्रपटाला नेतात, तेव्हा त्यातली काळी-पांढरी चौकट मुलांना अडवत नाही.

सांभाळणाऱ्यांचा हक्क किती?

माझ्या म्हणण्याला एक अडचणीची बाजू आहे, आणि ती टाळून पुढे जाणं बरोबर नाही. कृती ज्यांनी जिवंत ठेवली त्यांना ती आपली वाटते. मग तिच्यात कुणी हात घातला की ते उठून उभे राहतात. शिवाजी सावंतांच्या ‘छावा’ या कादंबरीवर आधारित लक्ष्मण उतेकरांचा हिंदी चित्रपट फेब्रुवारी २०२५ मध्ये आला. त्याच्या झलकेत संभाजीराजे आणि येसूबाई लेझीम खेळताना दिसले आणि महाराष्ट्रात गदारोळ झाला. दिग्दर्शकाने तो प्रसंग काढून टाकला. प्रदर्शनानंतर शिर्के घराण्याच्या वंशजांनी आपल्या पूर्वजांच्या चित्रणावर आक्षेप घेतला. शिवकाळ महाराष्ट्रात पोवाड्यात, गडांच्या वाटांवर, शिवजयंतीच्या मिरवणुकीत रोज जगला जातो. दिग्पाल लांजेकरांच्या ‘फर्जंद’, ‘फत्तेशिकस्त’, ‘पावनखिंड’ या चित्रपटांना प्रेक्षक मिळाला तो त्यामुळेच. पण ज्या जिवंतपणामुळे प्रेक्षक मिळतो तोच जिवंतपणा दिग्दर्शकाचा हातही धरतो.

माझं मत असं आहे की सांभाळणाऱ्यांना वाद घालण्याचा पूर्ण हक्क आहे, आधीच कात्री चालवण्याचा नाही. लेझीम हा याच मातीतला खेळ. राजा तो खेळेल का, याबद्दल दोन मतं असू शकतात आणि ती मतं चित्रपट पाहून मांडता आली असती. प्रसंगच कापला गेल्यावर वाद घालायला काही उरलं नाही. ‘कट्यार’च्या कथेतले बदल न आवडणाऱ्यांनी लेख लिहिले, चर्चा केल्या, काहींनी मूळ नाटक पुन्हा पाहिलं. गणपतरावांना नवा मित्र मिळाला तेव्हा कुणी कुसुमाग्रजांचा अपमान झाला म्हणून पडदे फाडले नाहीत. संगीत रंगभूमीचा चाहता आपल्या ठेव्याबद्दल कमी हळवा असतो असं नाही. पण पद वेगळ्या गळ्यातून वेगळं येणार, हे त्याने शंभर वर्षं ऐकलेलं आहे. प्रत्येक नव्या गायकाबरोबर त्याची घासाघीस होते आणि तीतून गाणं पुढे जातं. इतिहासावरच्या चित्रपटांच्या बाबतीत ही सवय आपल्याला अजून लागायची आहे.

आता पुढे कोण?

पुढच्या काही वर्षांत आणखी नावं परत येतील. राम गणेश गडकऱ्यांच्या ‘एकच प्याला’कडे अनेकांचं लक्ष असणार. १९१९ च्या जानेवारीत गडकरी गेले आणि त्याच वर्षी हे नाटक रंगमंचावर आलं, बालगंधर्वांची सिंधू घेऊन. लेखनाचे हक्क केव्हाच मोकळे झाले आहेत. दारूने उद्ध्वस्त होणारं घर हा विषय आजच्या कुठल्याही वस्तीत, कुठल्याही सोसायटीत तितकाच खरा आहे. तळीराम आणि त्याचं आर्य मदिरा मंडळ यांच्यासारखी माणसं पटकथाकाराला शोधूनही मिळणार नाहीत. अडचण एकच आहे, गडकऱ्यांची वाक्यं. कल्पनेवर कल्पना चढवत जाणारी, श्वास पुरवून म्हणावी लागणारी ती भाषा आज किती नटांच्या तोंडात बसते? अधूनमधून प्रयोग होतात, हौशी मंडळी स्पर्धांत प्रवेश करतात, पण ‘नटसम्राट’च्या स्वगतांसारखी नायक सुधाकरची वाक्यं महाविद्यालयांच्या मंचावर सर्रास ऐकू येत नाहीत.

म्हणून एखाद्या निर्मात्याच्या मनात हा चित्रपट असेल तर त्याने पहिला पैसा सेटवर आणि वेषभूषेवर घालू नये. त्याने चार-पाच तरुण नट घ्यावेत, मूळ संहिता कापून दोन तासांची करावी आणि सांगली, अमरावती, लातूर, पणजी अशा ठिकाणी दोन-तीन वर्षं प्रयोग लावावेत. सिंधूची पदं कोण गाईल ते तिथे कळेल. सुधाकरचं कोणतं वाक्य आजच्या प्रेक्षागृहात टाळी घेतं आणि कोणतं हशा घेतं तेही तिथेच कळेल. तळीरामाला प्रेक्षक हसतात ते कुठे थांबतात, हे कुठल्याही पटकथेच्या चर्चेत सापडणार नाही. ‘कट्यार’ला ही तयारी रंगमंचावर मिळाली होती. ‘एकच प्याला’साठी ती कुणीतरी आता सुरू करायला हवी.